मांडीची कातडी की कारखान्यातली?

चवथीच्या आदल्या दिवशी, फोंड्याच्या घरी नेवऱ्या तळताना कढई कलंडली आणि वहिनीचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. पाचव्या दिवशी सर्जननी भावाला विचारलं, "मांडीची कातडी लावू, की कृत्रिम त्वचेचा विचार करताय?" भावाने माझ्याकडे पाहिलं, मी मोबाईलकडे. असा प्रश्न ज्यांच्यापुढे येईल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

फोड आलेली, लालसर, ओली, झोंबणारी जखम बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपली आपण भरते. पांढरट, चामड्यासारखी, टोचलं तरी न कळणारी असेल तर त्वचा लावावीच लागते. निवड तिथून पुढची.

मांडीवरचा पातळ थर सोलून जखमेवर बसवणं ही जुनी पद्धत. स्वतःचीच कातडी, त्यामुळे शरीर ती नाकारत नाही. काम बहुधा एकाच ऑपरेशनात होतं. पण मांडीवर नवी जखम होते. वहिनी हातापेक्षा मांडीनेच जास्त कण्हत होती. लुगड्याची कड लागली तरी डोळ्यांत पाणी. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय अशी लावलेली पातळ कातडी (ग्राफ्ट) पुढे आखडते आणि सांधे ओढले जातात.

कृत्रिम त्वचा म्हटलं की बहुतेकदा इंटिग्राचं नाव येतं. यानास हे शास्त्रज्ञ आणि बर्क हे सर्जन, या दोघांनी बॉस्टनमध्ये ती घडवली, १९९६ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. गाईच्या स्नायुबंधातलं कोलॅजन हे प्रथिन, शार्कच्या कूर्चेतला एक घटक आणि वर सिलिकॉनचा पापुद्रा. (गाईचं ऐकून आमची आई गप्पच झाली. घरात विचारून घ्या.) त्या जाळीत दोन-तीन आठवड्यांत आपल्याच पेशी शिरून त्वचेचा खालचा थर तयार होतो. मग सिलिकॉन काढून वर कातडी लावतात. कुठली? मांडीचीच! फक्त अगदी पातळ, म्हणून मांडी लवकर भरते. म्हणजे ऑपरेशनं दोन, खर्च बराच आणि मधल्या काळात खाली पू झाला तर सगळं वाया. फायदा मात्र खरा आहे: मान, कोपर, पंजा अशा ठिकाणी त्वचा मऊ राहते, वळते.

स्वतःच्या पेशी वाढवून केलेले पापुद्रे हा तिसरा प्रकार. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेल्या अशा त्वचेवर १९८३ साली अमेरिकेत ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेली दोन मुलं वाचली. पण त्याला आठवडे लागतात आणि पापुद्रा इतका नाजूक की घासला तरी निघतो. अंगावर कातडीच उरली नसेल तेव्हाचा हा उपाय; एका हातासाठी नव्हे. मांडी खरोखर वाचवू शकणारी स्ट्राटाग्राफ्ट नावाची तयार त्वचा दात्याच्या पेशींची असते. तिला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली, तीही प्रौढांसाठी आणि त्वचेचा खालचा थर थोडा तरी शिल्लक असलेल्या भाजण्यासाठी.

लोक फसतात ते स्किन बँकेची (मृत्यूनंतर दान केलेली) त्वचा आणि साध्या कोलॅजन शीट यांच्या बाबतीत. दोन्ही जखम झाकतात, वेदना कमी करतात, पण कायमच्या राहत नाहीत. म्हापशाच्या एका ओळखीच्यांनी शीटचे पैसे भरले आणि "नवी कातडी लागली" म्हणून निश्चिंत झाले. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ही राहणार की गळणार?

माझं मत विचाराल तर, रुग्णाचा बोटांसकट तळवा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. असे पाच-दहा तळवे भाजले असतील तर मांडीचीच कातडी घ्या. सांध्यावर खोल जखम असेल किंवा अंगावर कातडी पुरत नसेल, तर इंटिग्राबद्दल जरूर विचारा. वहिनीला आम्ही मांडीचीच लावली. बोटं वळतात, मूठ अजून पुरती मिटत नाही.

कुठलीही निवडा, त्या जागी घाम येत नाही आणि कातडी सारखी कोरडी पडते. वहिनी सकाळ-संध्याकाळ खोबरेल चोळते. वर दाबाचा घट्ट मोजा, दिवसाचे तेवीस तास, महिनोन्‌महिने. मोज्याचे दोन जोड घ्या. आपल्या पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसरा लागतोच.