पुढच्या दातांसाठी व्हीनियर की नवी कॅप: काही महिन्यांच्या वापरानंतर

व्हीनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पोर्सिलेनचं पातळ आवरण) घ्यावं की कॅप बदलावी, हा प्रश्न बहुतेक जण दिसण्याच्या अंगाने विचारतात. माझ्या मते तो आधी दातावर इनॅमल, म्हणजे दाताचा सर्वांत बाहेरचा कठीण थर, किती शिल्लक आहे याचा प्रश्न आहे. माझ्या वरच्या चार पटाशीच्या दातांपैकी एकावर जुनी कॅप होती आणि त्या दाताचं रूट कॅनाल झालेलं होतं. हिरडी वर सरकल्याने कॅपच्या कडेला करडी रेघ दिसू लागली होती. आत धातू आणि वर पोर्सिलेन असलेल्या जुन्या कॅपांमध्ये असं बऱ्याचदा होतं. बाकीचे तीन दात मूळचे, पण कडा झिजलेले.

पहिल्या डॉक्टरांचा सल्ला होता की चारही दातांवर कॅप बसवा, म्हणजे रंग एकसारखा येईल. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं की कॅपवाल्या दाताला कॅपच लागेल, पण उरलेल्या तिघांना कॅपसाठी तासणं म्हणजे निरोगी दात वाया घालवणं. मी हा दुसरा मार्ग घेतला आणि आजही तोच घेईन.

व्हीनियरसाठी दाताच्या पुढच्या बाजूचा साधारण अर्धा मिलिमीटर थर काढतात, कधी त्याहूनही कमी. कॅपसाठी मात्र चहूबाजूंनी एक ते दोन मिलिमीटर तासावं लागतं. 2002 साली एडेलहॉफ आणि सोरेन्सन या संशोधकांनी दातांच्या प्रतिकृती तासून वजनातली घट मोजली होती. पुढच्या दातांच्या पूर्ण कॅपसाठी दिसणाऱ्या भागापैकी 63 ते 72 टक्के भाग गेला, व्हीनियरसाठी प्रकारानुसार 3 ते 30 टक्के. हे आकडे वाचल्यावर माझा निर्णय पक्का झाला. तासलेला दात परत भरून येत नाही.

जुनी कॅप काढून तिथे व्हीनियर लावता येईल का, हेही मी विचारलं होतं. माझ्या दाताच्या बाबतीत उत्तर स्पष्ट ‘नाही’ होतं. व्हीनियरची खरी पकड इनॅमलवर असते. ॲसिडने इनॅमलला सूक्ष्म खडबडीतपणा येतो आणि त्यात रेझिन सिमेंट रुतून बसतं. 1955 मध्ये ब्युओनोकोर या दंतवैद्यांनी ॲसिडची ही युक्ती मांडली, तिच्यावरच आजचं सगळं चिकटवणं उभं आहे. कॅपसाठी तासलेल्या दातावर इनॅमल जवळजवळ उरतच नाही. उरतं ते डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला थर, आणि त्यावरची पकड इतकी भरवशाची नसते.

जुनी कॅप चिरून काढली तेव्हा आत थोडी कीड निघाली. ती साफ करून गाभा पुन्हा बांधावा लागला. कॅप बदलणाऱ्या प्रत्येकाने याची तयारी ठेवावी, कारण आत काय आहे ते कॅप उघडल्याशिवाय पूर्ण कळत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते रंग जुळवणं. रूट कॅनालचा दात आतून काळवंडलेला, त्यामुळे पारदर्शक सिरॅमिकमधून ती सावली दिसली असती. म्हणून कॅपखाली अपारदर्शक थर लागला, तर शेजारची व्हीनियर पातळ आणि प्रकाश आत घेणारी. एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी करूनही पहिल्या ट्रायलला कॅप दिवसाच्या उजेडात मंद वाटली. कायमचं सिमेंट लावण्याआधीच ती लॅबकडे परत पाठवली. दुसऱ्या वेळी जमली. खिडकीपाशी उभं राहून, तोंड मिटून-उघडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. शेडही (दाताची रंगछटा) दात कोरडे पडण्याआधी घ्यायला सांगा, कारण कोरडा दात फिकट दिसतो. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी, आणि मग सुमारे दोन आठवडे थांबून चिकटवायचं. पोर्सिलेन नंतर ब्लीच होत नाही.

आकाराची चाचणी मॉक-अपने, म्हणजे दातांवर तात्पुरता बसवलेल्या नमुन्याने, झाली आणि तिथे ‘फ’ नि ‘व’ उच्चारताना कडा खालच्या ओठाला जास्त लागत होत्या. त्या किंचित कमी केल्या. हा टप्पा कोणी टाळायला सांगितला तर ऐकू नका.

आता रोजच्या वापराबद्दल. व्हीनियरच्या दातांना सुरुवातीला गार पाणी झोंबायचं, ते हळूहळू थांबलं. आता ती परकी वाटत नाहीत, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. कॅपचा दात दिसायला छान आहे, पण त्याची कड हिरडीच्या आत गेलेली असल्याने तिथे फ्लॉस चुकला की हिरडी लालसर होते. व्हीनियरच्या कडा हिरडीच्या वर आहेत, तिथे असा त्रास नाही.

माझ्या कडा झिजल्या होत्या त्या झोपेत दात खाण्यामुळे. ते कारण तसंच ठेवून पोर्सिलेन लावलं असतं तर ते तडकलं असतं, म्हणून रात्री नाइट गार्ड (दातांवर चढवायचं संरक्षक आवरण) घालते. दाताने पाकिटं फाडणं किंवा पेनचं टोपण चावणं पूर्ण बंद. एवढं सांभाळलं तर व्हीनियर दहा-पंधरा वर्षं सहज टिकतात असं डॉक्टर सांगतात; पुढे ती बदलावी लागतीलच, पण तेव्हा खाली माझा बराचसा मूळ दात शिल्लक असेल.

तुम्हाला कोणी निरोगी पुढच्या दातांवर केवळ रंगासाठी कॅप सुचवत असेल, तर दात किती तासणार ते मिलिमीटरमध्ये विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. एखादा छोटा कोपरा उडालेला असेल तर कदाचित साधं कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) भरूनही भागेल.