वाढदिवसाचे ई-मेल: नऊ महिने वापरल्यानंतर

आमचं वह्या, डायऱ्या आणि शाईपेनांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. ग्राहकांना वाढदिवसाला आपोआप मेल जावा म्हणून ऑटोमेशन लावलं, त्याला आता नऊ महिने झाले. मेल लिहून, टेम्प्लेट बसवून सगळं एका संध्याकाळी चालू झालं होतं. पुढचे कित्येक आठवडे मात्र तारखा निस्तरण्यात गेले, आणि कुणी नव्याने सुरू करत असेल तर मी आधी तारखांबद्दलच सांगेन.

पहिला फटका जुनी यादी चढवताना बसला. आमच्या शीटमध्ये दिवस आधी, महिना नंतर; मेल पाठवणाऱ्या टूलला महिना आधी हवा होता. १३ ते ३१ मधले दिवस त्याने चूक म्हणून परत केले, ते लगेच कळलं. पण १ ते १२ मधले दिवस महिना म्हणूनही खपतात, त्यामुळे ते गुपचूप उलटे होऊन बसले. वर्षातल्या अशा १३२ तारखा आहेत. एका ताईंना ६ एप्रिलऐवजी ४ जूनला शुभेच्छा गेल्या. त्यांनी शांतपणे उत्तर लिहिलं, 'माझा वाढदिवस एप्रिलमध्येच होऊन गेला.' मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी बसून सगळी यादी मूळ शीटशी पुन्हा ताडून पाहिली. तुम्ही यादी चढवाल तेव्हा आधी स्वतःची आणि घरच्या दोघा-तिघांची तारीख घालून बघा, त्यातली एक तरी १२ च्या आतली असू द्या.

१ जानेवारीवरही लक्ष ठेवा. जिथे तारीख रिकामी होती तिथे आमच्या जुन्या फॉर्मने हीच भरून ठेवली होती. नशिबाने ती वेळेत सापडली. ज्यांची १ जानेवारी नोंदलेली होती त्यांना मेल न पाठवता आधी तारीख विचारली.

जन्मवर्ष आम्ही सुरुवातीला मागत होतो, आता मागत नाही. शुभेच्छांना दिवस आणि महिना पुरतो. गरजेपुरतीच माहिती घ्यावी हे युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचंही तत्त्व आहे, आणि मला ते मनापासून पटतं. खरेदीच्या पानावरून वाढदिवसाच्या तारखेचा रकाना काढून ऑर्डर पोचल्यानंतरच्या मेलमध्ये टाकला, 'तारीख फक्त वाढदिवसाच्या मेलसाठी' एवढं स्पष्ट लिहून. तेव्हापासून लोक खरी तारीख देतात असं दिसतं. निदान चुकीच्या दिवशी मेल आल्याची तक्रार नव्या नोंदींपैकी कुणाचीच नाही.

शुभेच्छांसोबत देतो त्या सवलतीच्या कूपनचं वेळापत्रक दोनदा बदललं. आधी वाढदिवसाच्या सकाळी कूपन जायचं आणि मुदत तीन दिवसांची. वस्तू हातात पडेपर्यंत वाढदिवस मागे पडलेला. आता कूपन आठवडाभर आधी जातं, मुदत महिनाभर असते, आणि प्रत्यक्ष दिवशी चार ओळींच्या शुभेच्छा जातात, विक्रीचा शब्दही नसतो. या चार ओळींना जितकी उत्तरं येतात तितकी आमच्या दुसऱ्या कुठल्याच मेलला येत नाहीत. म्हणून ज्यावर उत्तर देता येत नाही असा 'नो-रिप्लाय' पत्ता अजिबात ठेवू नका. कूपन कोड प्रत्येकाला वेगळा आणि एकदाच चालणारा द्या. आमचा सगळ्यांसाठीचा एकच कोड थोड्याच दिवसांत कूपनच्या वेबसाइटवर दिसला.

किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर विसंबू नका. मेलमधली प्रतिमा उतरली की मेल उघडला असं धरलं जातं. ॲपलने २०२१ मध्ये मेलमधल्या प्रतिमा आधीच उतरवून घेण्याची सोय आणली, तेव्हापासून न वाचलेला मेलही उघडलेला दिसू शकतो. आम्ही दर दहा ग्राहकांमधल्या एकाला कूपन न देता नुसत्या शुभेच्छा पाठवून पाहिल्या. त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी त्याच महिन्यात खरेदी केली, म्हणजे कूपनच्या सगळ्या ऑर्डरी कूपनमुळे आलेल्या नव्हत्या. सूट त्यानंतर कमी केली, मेल तसाच ठेवला.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आला आहे हे पटवणाऱ्या तीन तांत्रिक नोंदी, लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांवर हे तिन्ही बंधनकारक आहेत, एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करण्याची सोयही. आम्ही त्या आकड्याच्या आसपासही नाही, तरी लावल्यावर स्पॅममध्ये जाणं बरंच कमी झालं. शिवाय 'फक्त वाढदिवसाचा मेल नको' अशी वेगळी लिंक द्या. काहींना तो दिवस आठवण करून दिलेला नको असतो, आणि तेवढ्यासाठी त्यांना सगळी यादी सोडावी लागू नये.

टूलची एक खोट अजून जात नाही. ते दिवसातून एकदाच, सकाळी तारखा तपासतं. दुपारी कुणी 'आज माझा वाढदिवस' म्हणून नोंद केली तर मेल थेट पुढच्या वर्षी. मी अशा नोंदी संध्याकाळी पाहून हाताने पाठवते. २९ फेब्रुवारीवाल्यांना तर यंदा काहीच गेलं नसतं, म्हणून त्यांचा वेगळा गट करून २८ तारखेला मेल लावला. त्यांचा खरा दिवस आता २०२८ मध्ये. त्या दिवशीचा मेल मी आत्ताच लिहून ठेवला आहे.