सैंधवाच्या नावाखाली रंगवलेलं आगरी मीठ, माझे 4,950 रुपये गेले

सांगायला लाज वाटते, कारण माझे बाबा आयुष्यभर आगरवाड्याच्या मिठागरात राबले. त्यांच्या मुलीला मिठात गंडवलं.

पेडण्यात आमचं छोटं किराणा दुकान आहे. आषाढी जवळ आली की सैंधव खपतं, उपवासाला समुद्राचं मीठ चालत नाही ना. त्यात 2 मे 2025 पासून पाकिस्तानी माल बंद, आणि गुलाबी सैंधव म्हणजे मुख्यतः तिकडच्या खेवड्याच्या खाणीतलं. भाव चढणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जूनच्या शेवटी एक जण टेम्पो घेऊन दारात. "ताई, बंदीआधीचा साठा. शेवटची दोन पोती." 25 किलोची दोन, 92 रुपये किलो, झाले 4,600. भाडं 350. बिल "पुढच्या खेपेला". बिल नाही तर माल नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत असते!

वरचा खडा त्याने फोडून दाखवला. तो अस्सल होता, सपाट चकचकीत पैलू, आतपर्यंत गुलाबी. मग मी पोत्यात हात घातला. दाणे ओलसर, आणि बोटं गुलाबी झाली.

तिथेच त्याला हाकलायला हवं होतं. खनिज मिठाचा रंग लोहाच्या अंशाचा, स्फटिकात कोंडलेला. तो बोटांना लागत नाही. आणि ते दाणे मी लहानपणापासून ओळखते, आगरातलेच, पावसाळ्यात पाझरणारे. सगळं दिसलं. मी पदराला हात पुसला आणि मोबाईलवरून पैसे पाठवले. बाहेर पाऊस कोसळत होता, गिऱ्हाईक ताटकळलेलं, वाटलं दमटपणामुळे असेल. पावसाळ्यात गोव्यात कोरडं राहतं तरी काय?

एकादशीला सासूबाईंच्या दह्यात गुलाबी रेघा उठल्या. चमचाभर मीठ पाण्यात टाकलं तर पेला सरबतासारखा झाला. (खरं सैंधव पाणी असं रंगवत नाही, फार तर तळाशी तांबूस गाळ बसतो. विकत घेण्याआधी हे करा, माझ्यासारखं नंतर नको.) तोवर 11 किलो विकून झालं होतं. 140 च्या भावाने 1,540 रुपये मी घरोघरी जाऊन परत केले. सासूबाई अजून धड बोलत नाहीत.

पोलीस ठाण्यात हवालदार हसला, "मिठासाठी तक्रार?" अन्न खात्यात पाठवलं. तिथे साहेब रजेवर. दुसऱ्या दिवशी साहेब होते, तर म्हणे बिल आणा. बिल असतं तर मी कशाला आले असते? तिसऱ्या खेपेला, "पोतं तुम्हीच उघडलंत, नमुना कसा धरायचा?" पैसे भरून स्वतः तपासून घेता येतं म्हणाले, कुठे ते कुणी सांगेना. वर मलाच विचारलं, पोत्यावर 14 आकडी परवाना नंबर होता का? नव्हता. तुम्ही तरी बघत जा. आणि सैंधवात "84 खनिजं" असतात म्हणून जास्त पैसे मोजू नका, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच.

त्या टेम्पोवाल्याचा फोन एकदाच लागला. म्हणतो, "ताई, खाणीतलं मीठसुद्धा शेवटी जुन्या समुद्राचंच ना!"

39 किलो मागच्या पडवीत पाझरतंय. हे म्हणतात माडांच्या मुळात घालूया. मी हात लावू देत नाही, पुरावा आहे तो.