आठ महिने ‘जीएनयू युनिट्स’ हा मापं बदलून देणारा प्रोग्रॅम वापरल्यावर: मेगाबिट, मेगाबाइट आणि रात्रीचे बॅकअप

मी व्हिडिओ एडिटिंग करते. कॅमेरा, कार्ड, केबल, नेटवर्क, हार्डडिस्क या प्रत्येकाचा वेग मला रोज बघावा लागतो आणि प्रत्येकाचं माप निराळं असतं. आठ महिन्यांपूर्वी एका शूटला यावरूनच मोठी चूक झाली. फोनवर बोलणं झालं होतं ते असं: कॅमेरा चारशे एमबीपीएसने (सेकंदाला चारशे ‘एमबी’) रेकॉर्ड करतो, कार्ड नव्वद एमबीपीएसची हमी देतं. नव्वदच्या कार्डावर चारशे कसं मावणार? म्हणून कॅमेऱ्याची सेटिंग ५० एमबीपीएसवर आणली आणि दिवसभराचं शूट तसंच झालं. कॅमेऱ्याचे ४०० हे मेगाबिट होते, कार्डाचे ९० हे मेगाबाइट. ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे ४०० मेगाबिट म्हणजे जेमतेम ५० मेगाबाइट. ते कार्ड सेकंदाला ७२० मेगाबिट झेलू शकलं असतं. ते फुटेज पुन्हा मिळणार नव्हतं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

रोमन लिपीत लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट, एवढा तरी फरक डोळ्यांना दिसतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, आणि बोलताना तर दोन्ही ‘एमबी’च. आपण मराठीत काम करणारी माणसं ‘एमबीपीएस’ म्हणतो तेव्हा आठपटीचा फरक त्या एका शब्दात दडून राहतो.

त्यानंतर मी फोनवरचे दोन-तीन कन्व्हर्टर वापरून पाहिले. एका यादीत ‘एमबी’ दोनदा होतं आणि कुठलं काय हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी ‘जीएनयू युनिट्स’वर स्थिरावले. हा कमांड लाइनवर, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत टाइप करून चालवायचा मोफत प्रोग्रॅम आहे. बटणं नाहीत, रंग नाहीत. तो आधी विचारतो तुमच्याकडे काय आहे, मग विचारतो तुम्हाला काय हवंय. मी दोन्हीकडे एककाचं पूर्ण नाव टाइप करते. संक्षेप चालतात, पण मी ते जाणूनबुजून सोडून दिले. १०० मेगाबिट दर सेकंद दिले आणि मेगाबाइट दर सेकंद मागितले की उत्तराच्या दोन ओळी येतात: १२.५ ने गुणा, किंवा ०.०८ ने भागा. एका बाजूला वेग आणि दुसऱ्या बाजूला नुसता आकार दिला, तर ही दोन एककं एका जातीची नाहीत असं सांगून थांबतो. हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं. घाईत ‘दर सेकंद’ लिहायचं राहून जातं, आणि नेमकं तिथेच तो अडवतो.

आठाने भागणं कुणालाही जमतं. मला याचा खरा उपयोग झाला तो १००० आणि १०२४ च्या घोळात: किलो, मेगा, गीगा ही प्रत्येक पायरी कुणी १००० पटीची धरतं, कुणी १०२४ पटीची. एकच फाईल मॅकवर ६४ गीगाबाइटची दिसते आणि विंडोजवर ५९.६ ची. फाईल तीच असते, एकही बाइट हरवलेला नसतो. मॅकने २००९ पासून, म्हणजे १०.६ आवृत्तीपासून, १००० चा हिशेब धरला. विंडोज १०२४ ने मोजतं आणि नाव मात्र गीगाबाइटच लिहितं. या १०२४ वाल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने १९९० च्या दशकाच्या शेवटीच दिलेली आहेत. युनिट्स ती नावं काटेकोरपणे पाळतो: मेगा म्हणजे दहा लाखच, मेबी म्हणजे १०,४८,५७६. त्यामुळे विंडोजच्या खिडकीत दिसणारा वेग मी मेबीबाइट म्हणूनच भरते. १०० मेगाबिटची लाइन त्या मापात ११.९२०९२९ होते, १२.५ नाही. किलोच्या पायरीवर हा फरक २.४ टक्के असतो, टेराच्या पायरीवर जवळजवळ १० टक्के. रात्रभराच्या कॉपीत हे १० टक्के चांगलेच जाणवतात.

आता बॅकअपबद्दल. आमच्याकडे १ गीगाबिटचं नेटवर्क आहे. कागदावर ते १२५ मेगाबाइट, पण कॉपी करताना विंडोजमध्ये ११३ च्या वर आकडा कधीच जात नव्हता. केबल बदलून पाहिली, स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा डबा) बदलायच्या बेतात होते. मग हिशेब मांडला. इथरनेटच्या एका नेहमीच्या पाकिटात आपल्या कामाचे १४६० बाइट असतात, पण पत्ते, तपासणीचे बाइट आणि दोन पाकिटांमधलं अंतर धरून तारेवर १५३८ बाइटांची जागा जाते. युनिट्समध्ये स्वतःची एककं लिहून ठेवायला वेगळी फाईल करता येते. तिच्यात मी ‘१५३८ पैकी १४६० भाग गीगाबिट दर सेकंद’ असं एक एकक लिहिलं. उत्तर आलं ११८.७ मेगाबाइट, आणि मेबीबाइटमध्ये ११३.२. आमचं नेटवर्क पूर्ण क्षमतेने चालत होतं. स्विच बदलला नाही.

त्याच एककाने आता वेळही काढते. २ टेराबाइटला त्या वेगाने भागून उत्तर तास-मिनिट-सेकंदात मागायची सोय आहे: ४ तास ४० मिनिटं ५५ सेकंद. नुसत्या १ गीगाबिटने मोजलं असतं तर ४ तास २६ मिनिटं ४० सेकंद आले असते. ही वेळ कमीत कमी लागणारी. बारीक फाईली हजारोंनी असतील तर प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागतो, आणि ते कुठलाच कन्व्हर्टर सांगू शकत नाही.

यूएसबीच्या बाबतीतही तुम्हाला स्वतःलाच जागं राहावं लागतं. ५ गीगाबिटच्या यूएसबीला तो ६२५ मेगाबाइट सांगेल. रूपांतर बरोबरच आहे, पण त्या जोडणीत दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट जातात, म्हणून वरची मर्यादा ५०० वर येते. १० गीगाबिटवाल्या पिढीत १२८ बिटांमागे १३२ जातात, म्हणून तिथे १२५० चे साधारण १२१२ होतात. दोन्ही मी माझ्या फाईलीत लिहून ठेवलेत.

अडचणीही आहेत. ज्यांना टर्मिनलची सवय नाही त्यांना पहिला आठवडा जड जाईल. माझ्या सहायकाला तो अजून आवडत नाही. शूटच्या जागी फोनच हाताशी असतो, तिथे याचा काही उपयोग नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या पिशवीत एक कागद ठेवलाय, आकडे युनिट्समधूनच काढलेले. कार्डावरच्या ‘व्ही’ पुढचा आकडा म्हणजे सेकंदाला किमान किती मेगाबाइट लिहिले जातील याची हमी: व्ही ३० कार्ड म्हणजे किमान २४० मेगाबिट, व्ही ६० म्हणजे ४८०, व्ही ९० म्हणजे ७२०. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुतेकदा वाचण्याचा असतो. रेकॉर्डिंगसाठी हा ‘व्ही’ पुढचा आकडाच बघायचा.

त्या कागदावर ‘एमबीपीएस’ कुठेच लिहिलेलं नाही. फोनवरही आम्ही आता ‘मेगाबिट’ किंवा ‘मेगाबाइट’ असा पूर्ण शब्द उच्चारतो, आणि ऐकणारा तो शब्द आकड्यासकट परत म्हणून दाखवतो. मागच्या महिन्यात पुन्हा ४०० मेगाबिटचं शूट होतं. व्ही ६० कार्डं नेली, सेटिंगला हात लावला नाही.