आमच्या नोडमधलं (नवी मुंबईतल्या आमच्या वसाहतीतलं) सरकारी लसीकरण केंद्र : चार तारे, पाचवा संध्याकाळची वेळ सुरू झाल्यावर

मी घणसोली-वाशी पट्ट्यात रिक्षा चालवतो. मुलीचे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस आणि आता नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा, सगळे इथेच घेतले. बायको कंपनीत पॅकिंगला आहे, तिचा खाडा परवडत नाही. म्हणून मुलीला घेऊन मीच जातो.

चारही तारे सिस्टरना. दीड महिन्याच्या वेळी एकदम तीन सुया म्हटल्यावर मी हबकलोच होतो. मागे रांग असूनही त्यांनी समजावून सांगितलं. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, त्या एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (मेंदूज्वर वगैरे करणारा जंतू) अशा पाच रोगांवरची लस. उजव्या मांडीत न्यूमोनियाची, दंडात पोलिओची. शिवाय तोंडावाटे पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटा. मग बाटलीवरचा बारीकसा गोल दाखवला. "दादा, आतला चौकोन गोलापेक्षा फिका आहे ना? म्हणजे लस चांगली. तो गोलाइतका गडद झाला की उष्णता लागली समजायचं, बाटली बाद." सरकारी लस कशी असेल, ही धाकधूक तिथेच गेली. न्यूमोनियाची लस खासगीत एका डोसला हजारांत जाते. सरकारी कार्यक्रमात ती २०२१ पासून देशभर फुकट आहे, हे आमच्या स्टँडवर अजून निम्म्यांना माहीत नाही.

सुई झाली की अर्धा तास बाकावर बसवतात. ताप आला तर औषध किती द्यायचं ते सांगतात, सुईची जागा चोळायची नाही, बाम-तेल लावायचं नाही हेही सांगतात. पुढची तारीख कार्डावर लिहून मला मोठ्याने वाचायला लावली. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीत, नोंदही तिथेच झाली.

एकदा माझ्या शेजारी जालन्याकडची एक बाई बसली होती, बांधकामावर काम करणारी. मूल वर्षाच्या पुढचं आणि कार्डावर सुरुवातीच्या दोनच नोंदी. आधी दुसरीकडे उशिरा गेली म्हणून सगळ्यांसमोर ओरडा बसला, मग ती गेलीच नाही. इथे सिस्टर म्हणाल्या, "आलात ना ताई, झालं तर मग. पहिल्यापासून काही करायचं नाही, राहिलेले तेवढे पूर्ण करू." ती बाई रडायलाच लागली.

लोक लसीला घाबरतात म्हणतात. माझ्या रिक्षात बसणाऱ्या बायकांना भीती असते ती चारचौघांतल्या बोलण्याची आणि दिवसाची मजुरी बुडण्याची. तक्रार आहे ती इथेच. सत्र कामाच्या दिवशी, तेही सकाळी. माझा सकाळचा धंदा बुडतो तो मी सोसतो, मजूर नाक्यावरच्या बाईने काय करायचं? आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा महिन्यातून एक रविवार ठेवा, गर्दी आवरणार नाही.

गोवराची लस एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते आणि एका बाटलीत पाच-दहा बाळांचे डोस असतात, म्हणून ठरलेल्या वारीच बाटली उघडतात. कारण पटतं. पण २०२२ च्या अखेरीस गोवंडीत आणि भिवंडीत गोवराने मुलं दगावली, ते आम्ही इथे खाडीच्या अलीकडे बसून ऐकत होतो. डोस वाया गेले तर जाऊ द्या, दारात आलेलं बाळ परत पाठवू नका. ते परत येईलच असं नसतं.

जाताना कार्ड आणि मोबाईल न्या. कार्ड गावचं असलं तरी चालतं, हरवलं असेल तर तसं सांगा, डोस मिळतो. बाळाला सैल कपडे घाला, मांडी पटकन मोकळी करता येते. आणि रिक्षावाल्या भावांनो, गेटसमोर गाडी लावू नका, तिथून ॲम्ब्युलन्स निघते.