खाऱ्या पाण्यातला अनोळखी मासा: दुकानातलं नाव, अ‍ॅप की अंगावरची खूण?

सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला मासा बहुधा मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, खाली एक नाव असतं आणि लगेच विचारणा होते, "आज पाठवू का?" पिशवी एकदा निघाली की मासा परत करणं कठीण, कारण तेवढाच प्रवास तो पुन्हा सोसेल याची खात्री नसते. म्हणून ओळख पटवायची ती पैसे पाठवण्याआधी.

दुकानातलं नाव फुकट आणि झटपट मिळतं, पण एकाच नावाखाली कितीतरी जाती खपतात. 'एंजल' म्हणून येणारा मासा बोटभरच राहणारा बुटका एंजल असेल, नाहीतर निळ्याकाळ्या अंगावर पांढरी वर्तुळं असलेलं एम्परर एंजलचं पिल्लू. हे पिल्लू 40 सेंमीपर्यंत वाढतं आणि मोठेपणी पार वेगळं दिसतं. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला पँथर ग्रुपर लहानपणी फार गोड दिसतो. पुढे तो 70 सेंमीपर्यंत जातो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो.

गुगल लेन्ससारखं अ‍ॅप याहून बरं. निदान कुठल्या कुळातला मासा आहे, एवढं तरी त्यावरून बहुधा कळतं. पण त्याची भिस्त रंगावर आणि ठेवणीवर, आणि दुकानातल्या निळ्या एलईडीखाली रंगाचा भरवसा धरता येत नाही. अ‍ॅपने दिलेलं नाव हा माझ्या मते शोधाचा आरंभ आहे, त्यावर पैसे पाठवू नयेत.

तिसरी वाट वेळखाऊ आहे, तरी मी तिचाच आग्रह धरीन: दुकानदाराकडून शास्त्रीय नाव मागायचं, ते फिशबेस या माशांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर टाकायचं आणि अंगावरच्या खुणा एकेक करून जुळवायच्या. रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक शेजारी ठेवून बघा. दोघांचंही पुढचं अंग जांभळं, मागचं पिवळं, आणि लांबी 7-8 सेंमीच्या आतबाहेर. ग्रामाच्या (ग्रामा लोरेटो) पाठीवरच्या पराच्या पुढच्या भागात काळा ठिपका असतो, डोळ्यातून गडद रेघ जाते आणि जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात मिसळतो. डॉटीबॅकला (पिक्टिक्रोमिस पॅकाग्नेली) तो काळा ठिपका नसतो, आणि दोन रंगांची हद्द सुरीने कापल्यासारखी सरळ असते. ग्रामा कॅरिबियनचा, स्वभावाने बराच सौम्य. डॉटीबॅक पश्चिम पॅसिफिकचा आणि भांडखोर. छोट्या टाकीत गरीब माशांना तो जगू देत नाही. ग्रामाचा भाव सांगून डॉटीबॅक दाखवला जात असेल, तर त्या एका काळ्या ठिपक्यावरून सौदा थांबवता येतो.

क्लीनर रॅसच्या बाबतीत तोंड बघायचं. खऱ्याचं तोंड थुतरीच्या अगदी टोकाला असतं. त्याची नक्कल करणाऱ्या ब्लेनी या दुसऱ्या माशाचं तोंड खालच्या बाजूला असतं, आणि तो इतर माशांच्या परांचे लचके तोडतो. अर्थात खरा क्लीनरही नवख्याने घेऊ नये. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी हेच त्याचं मुख्य खाणं, त्यामुळे घरच्या टाकीत तो बहुधा उपाशी मरतो.

क्लाउनफिशसाठी एवढी मेहनत नको. ऑसेलॅरिस आणि पर्क्युला या त्याच्या दोन जातींची निगा जवळजवळ सारखीच, त्यामुळे पर्क्युलाचे जादा पैसे द्यायचे असतील तरच पाठीवरच्या परातले काटे मोजा: पर्क्युलाला सहसा 10, ऑसेलॅरिसला 11. समुद्री घोडा मात्र ओळख पटली तरी घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली तो संरक्षित आहे.

मासा पूर्ण नवा असेल तर दुकानदाराला पांढऱ्या दिव्याखालचा व्हिडिओ मागा: बाजूने घेतलेला, पाठीवरचा पर उघडलेला, तोंड स्पष्ट दिसणारं, जमल्यास खाणं घेतानाचा. तेवढ्यावरही दोन नावांत घोटाळा राहिला, तर त्या दोघांतला जो जास्त मोठा आणि जास्त भांडखोर, तोच आपल्याकडे येतोय असं धरा आणि आपल्या टाकीत तो राहील का ते बघा.