एका क्लासच्या टिपणांतले बेरिलियम

दादर पश्चिमेच्या एका खासगी क्लासने काढलेली ‘गट २ ची मूलद्रव्ये’ (आवर्तसारणीच्या दुसऱ्या स्तंभातली) या विषयावरची टिपणे मुलीच्या अकरावीसाठी विकत घेतली. स्पायरल बाइंडिंगची चाळीस पाने, किंमत १२० रुपये. मॅग्नेशियमपासून बेरियमपर्यंतचा भाग कोणत्याही गाइडात सापडेल असाच आहे. पैसे वसूल होतात ते बेरिलियमच्या सहा पानांवर.

एरवी विद्यार्थ्यांपुढे बेरिलियमचे वेगळेपण पाठ करण्याच्या मुद्द्यांच्या रूपाने येते. येथे टिपणकाराने सुरुवातच आकारापासून केली आहे. बेरिलियम आयनाची त्रिज्या सुमारे ३१ पिकोमीटर आणि मॅग्नेशियम आयनाची ७२. एवढ्याशा आयनावर दोन धन प्रभार एकवटल्यामुळे तो शेजारच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन मेघ स्वतःकडे ओढतो, आणि म्हणूनच बेरिलियम क्लोराइडमधील बंध मुख्यतः सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, असतो, हे एका दमात पटते. हेच क्लोराइड घन अवस्थेत क्लोरीनच्या सेतूंनी जोडलेली साखळी करते, वाफेत दोन-दोन रेणूंच्या जोड्यांत आढळते आणि तापमान बरेच वाढले की सरळ रेषेतला सुटा रेणू उरतो. आकृती नेमकी येथेच पुसट छापली आहे. दुसऱ्या कवचात चारच कक्षक (इलेक्ट्रॉनांच्या जागा) असल्याने बेरिलियम आयनाभोवती पाण्याचे चारच रेणू बसतात, मॅग्नेशियमभोवती मात्र सहा, ही तुलनाही चांगली जमली आहे.

ॲल्युमिनियमशी असलेला कर्ण संबंध, म्हणजे आवर्तसारणीत तिरक्या रेषेत शेजारी असलेल्या मूलद्रव्यांमधले साम्य, तर फारच छान मांडला आहे. दाहक सोड्याच्या द्रावणात बेरिलियम विरघळून हायड्रोजन बाहेर पडतो आणि बेरिलेट तयार होते. त्याचे हायड्रॉक्साइड आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही, तर मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड केवळ आम्लारिधर्मी, म्हणजे फक्त आम्लात विरघळणारे. आडनाव गट २ चे, वळण मात्र ॲल्युमिनियमचे, असे मी मुलीला सांगितले.

एक चूक मात्र खटकते. ‘गट २ ची कार्बाइडे पाण्याशी ॲसिटिलीन देतात’ असे सरसकट विधान पान बारावर आहे. कॅल्शियमच्या बाबतीत ते खरे; बेरिलियम कार्बाइडपासून मात्र ॲल्युमिनियम कार्बाइडप्रमाणेच मिथेन मिळतो, म्हणजे कर्ण संबंधाचा एक उत्तम पुरावाच टिपणकाराच्या हातून निसटला. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते, याचाही उल्लेख हवा होता. शिवाय आपल्याच ट्रॉम्बेतील अप्सरा-यू अणुभट्टीत, जी २०१८ मध्ये कार्यान्वित झाली, बेरिलियम ऑक्साइड न्यूट्रॉन परावर्तक (बाहेर निसटणारे न्यूट्रॉन परत आत वळवणारा पदार्थ) म्हणून वापरले जाते; मुंबईच्या मुलांसाठी याहून जवळचे उदाहरण कोणते?

टिपणे क्लासच्या कार्यालयात सायंकाळी मिळतात, त्यासाठी प्रवेश घेण्याची अट नाही. घेणाऱ्याने पान बारावरची ती ओळ तेवढी पेनाने दुरुस्त करून घ्यावी.